रॅमची खाच

१

मी एका दुकानातून दोन वस्तू घेत नाही. तांदूळ एकाकडून, तर डाळ दुसऱ्याकडून. सगळा बाजार एकाकडेच केला की त्याला आपली सवय होते, आणि सवय झाली की तो वजनात मारतो. हर्षा, माझी बायको, याला रोग म्हणते. म्हणो बापडी. मी चिखल्याच्या खाणीत लॅम्परूम सांभाळतो. खाली उतरणाऱ्याचा बिल्ला घ्यायचा, खिळ्याला लटकवायचा, मग त्याला टोपीचा दिवा द्यायचा. बिल्ला घरी विसरून आलेला माणूस कितीही गयावया करो, माझ्याकडून त्याला दिवा मिळत नाही. चेहरा ओळखीचा असून उपयोग काय, चेहऱ्यावर नंबर नसतो.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. आमची खुशबू बारावी पास झाली आणि नागपूरचा हट्ट धरून बसली. कंप्युटरचं कॉलेज, होस्टेल, एक मैत्रीण आधीच तिकडे जाऊन बसलेली.

"नागपूर कायले?" मी म्हटलं. "कंप्युटर मी घरी आणतो. पोस्टानं कोर्स कर."

"घरी कंप्युटर आला म्हणून कॉलेज घरी येते का, बाबा?"

"तिथं कोण आहे आपलं?"

"इथं तरी कोण आहे? धूळ आहे."

अशी आमची पोरगी. एकाला दोन ऐकवणारी. कॉलनीत म्हणायचे, विनोदभाऊ जगाला तपासतात आणि खुशबू विनोदभाऊंना तपासते. मला राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. पण एकुलती एक लेक डोळ्यांआड जाणार, हा विचार मला सहन व्हायचा नाही. हे मी कोणाजवळ बोललो नाही. बोललो ते एवढंच, की कंप्युटर येईल आणि पोरगी घरातच राहील.

२

तयार कंप्युटर आमच्या ऐपतीबाहेरचा होता. सुटे भाग आणून जोडला तर निभतं, असं खाणीतला एक इलेक्ट्रिशियन म्हणाला होता. म्हणून मी भंडाऱ्याला गेलो. पितळी भांड्यांची दुकानं ओलांडली की एका अरुंद जिन्यावर टेकचंदचं दुकान होतं. बोलायला गोड माणूस. मला गोड माणसं आवडत नाहीत.

"पहिले बोर्ड ठरवा, भाऊ," तो म्हणाला. "कोणत्या बोर्डावर कोणता प्रोसेसर चालते, ते ठरलेलं राहते. मंग रॅम पाहा, म्हंजे मेमरीची पट्टी. जुन्या रॅमची खाच वेगळ्या जागी राहते, नव्या रॅमची वेगळ्या. कंपनीनं मुद्दामच केलं तसं. चुकीची पट्टी घुसूच नाई म्हणून."

"अन् घुसवली त?"

"नाई घुसत. मोडते, पण घुसत नाई." त्यानं चहा मागवला. "बाकीचं पण माझ्याकडूनच घ्या. मंग काई अडलं त मी जबाबदार."

झालं. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. न मागता जबाबदारी घेणाऱ्या माणसाला काहीतरी खपवायचं असतं. मी त्याच्याकडून फक्त बोर्ड आणि प्रोसेसर घेतला, चहा अर्धा टाकला आणि उठलो. हार्ड डिस्क एकाकडून, पावर सप्लाय दुसऱ्याकडून, कॅबिनेट तिसऱ्याकडून. मॉनिटर एका फोटो स्टुडिओनं काढून टाकलेला. रॅमसाठी मी टेकचंदच्या समोरच्याच दुकानात शिरलो, तर तो जिन्यावर येऊन उभा.

"भाऊ, नवी मागा बरं. जुनी नाई लागत तुमच्या बोर्डाले," तो वरून म्हणाला.

नवी महाग होती. आणि हा नवी घ्या म्हणतो, म्हणजे समोरच्याशी याचं साटंलोटं असणार. मी जुनी घेतली. तुमसरच्या एसटीत कॅबिनेट मांडीवर घेऊन बसलो तेव्हा मला वाटलं, आज आपल्याला कोणीच फसवू शकलं नाही.

३

सुट्टीच्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत चादर अंथरून मी सगळं मांडलं. टेबल आधीच कोपऱ्यात, बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं होतं. खुशबू भिंतीला टेकून बसली होती, मदतीला नव्हे, मजा पाहायला. मैत्रिणीच्या मासिकातलं वाचून ती सांगायची आणि मी करायचो. प्रोसेसर बसला. त्यावरचा पंखा बसला. मग तिनं रॅमची पट्टी बोर्डावर धरून पाहिली आणि हसली.

"बाबा, हे नाई बसत. पाहा न, पट्टीची खाच इथं आहे अन् बोर्डाचा उंचवटा तिथं. जुनी आणली तुमी."

मी चष्मा लावून पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढा फरक होता. थोडा, पण होता.

"आता मी नागपूरले जातो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की माझं डोकंच फिरलं.

"दे इकडं. कशी नाई बसत ते पाहतो."

मी पट्टी ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. मोडली तर मोडली. पण काही मोडलं नाही. चिखलात बोट जावं तशी पट्टी आत गेली आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप लागल्या. आवाजसुद्धा झाला नाही. खुशबू वाकून पाहत राहिली. खाच उंचवट्यावर अगदी बरोबर होती.

"आत्ता त नव्हती," ती हळूच म्हणाली.

"तू उलटी धरली असशीन."

"नाई बाबा. तुमी पण पाहिलं."

पाहिलं होतं. पण त्या वेळी मी जिंकलो होतो, आणि जिंकलेल्या माणसाला खाचा मोजायची गरज वाटत नाही. पुढे काहीच अडलं नाही. पावर सप्लायचा प्लग बोर्डावरच्या जागेपेक्षा आखूड होता, तो लागला. कॅबिनेटची भोकं बोर्डाच्या भोकांशी जुळत नव्हती. मी स्क्रू हातात घेतला तेव्हा जुळली. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं, मांडणीवरची भांडी रोजच्यासारखी किणकिणली, आणि कंप्युटरचा पंखा फिरायला लागला. बटण मीच दाबलं असणार. दुसरं कोण दाबणार?

४

आमच्या घरी स्टीलच्या डब्यांची झाकणं कधी जुळत नाहीत. कोणाच्या घरी जुळतात? हर्षा रोज सकाळी एकेक झाकण लावून पाहायची आणि डब्यांना शिव्या घालायची. त्या आठवड्यात शिव्या बंद झाल्या.

"तुमी डबे आणले का नवे?" तिनं विचारलं.

"नाई."

"मंग कोणतंही झाकण कोणत्याही डब्याले लागून राहिलं, ते कसं?"

मी उठून पाहिलं. मिठाच्या लहान डब्याचं झाकण तिनं पिठाच्या डब्यावर ठेवलं. लहान झाकण आहे हे दिसत होतं. ते लागलं तेव्हाही ते मोठं झालेलं दिसलं नाही, डबा लहान झालेला दिसला नाही. फक्त लागलं. हर्षानं डबा उलटा केला, पीठ सांडलं नाही.

"बरं झालं, एक डोक्याचा ताप गेला," ती म्हणाली आणि पोळ्यांना बसली.

बायकांना कशाचं नवल नाही. मी मात्र त्या दिवशी कामावरून आलो आणि मुद्दाम घराच्या कुलपाला लॅम्परूमची किल्ली लावली. उघडलं. सायकलची लावली. तिनंही उघडलं. कोणीतरी कुलूप बदललं, हा पहिला संशय. शेजारच्या ललिताबाईंचा जावई कुलपं दुरुस्त करतो, हा दुसरा. मी तुमसरला जाऊन नवं कुलूप आणलं, ओळख नसलेल्या दुकानातून. त्यालाही सायकलची किल्ली चालली.

शेवटी मन घट्ट करून मी पुढच्या खोलीत बसून विचार केला. स्वस्त माल ढिला असतो. ढिल्या कुलपाला कोणतीही किल्ली चालते. डबे वापरून सैल झाले असतील. रॅमचं म्हणाल तर चष्म्याचा नंबर वाढला असेल. एकेका गोष्टीला कारण होतं. कोपऱ्यात कंप्युटरचा पंखा फिरत होता आणि खुशबू माझ्याकडे पाठ करून बसली होती. तिनं सकाळपासून मला एकदाही टोकलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

५

कारलं पाहिलं की ताट सारणारी पोरगी कारलं खायला लागली. मी म्हटलं, रोज एवढा वेळ बसू नको, तर उठली. मी म्हटलं, बस, तर बसली. नागपूरचं नाव नाही. मैत्रिणीचा फोन ललिताबाईंकडे आला, तर "सांगा, मी घरी नाई" म्हणाली.

कासारीण कॉलनीत आली होती. खुशबूचा हात तिच्या आईपेक्षा रुंद, हाडापेराची पोरगी. तिला बांगडी चढवताना दरवर्षी रडारड व्हायची. या वेळी हर्षानं स्वतःच्या हातातली बांगडी काढून तिला दिली आणि ती सरकन चढली. मी पुढे होऊन मनगट धरलं. तेवढंच जाड होतं. बांगडीही तेवढीच होती.

"दुखलं नाई का?"

"नाई बाबा."

"पोरगी शहाणी झाली," हर्षा म्हणाली. "तुमाले तेच पायजे होतं न? मंग आता तोंड काहून पाडून बसले?"

कारण मी मूर्ख नाही. पोर इतकी गोड वागते तेव्हा काहीतरी शिजत असतं. माझा पक्का समज झाला की हे नाटक आहे. बापाला गाफील करायचं आणि एके सकाळी बॅग घेऊन निघून जायचं. मैत्रिणीनं शिकवलं असेल. मी तिचं दप्तर तपासलं, उशी तपासली. काही सापडलं नाही. मग मी खडा टाकून पाहिला.

"आंबागडचं एक स्थळ आलं आहे," मी जेवताना म्हटलं. साफ खोटं. "पोरगा शेती पाहते. शिकलेला नाई फारसा."

दोन महिन्यांपूर्वी हे ऐकून ताट भिंतीवर गेलं असतं. मी ताटाकडेच पाहत होतो.

"बरं," खुशबू म्हणाली. "तुमी म्हणान तसं."

ती माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही, लाजून नाही. तिनं पट्टी बोर्डावर धरून पाहिली होती ना, तसं पाहत होती. कुठे अडतं का, ते. मी ताट सारलं. मी घाबरलो होतो, आणि स्वतःच्या लेकीला घाबरलो, याची लाजही वाटली.

६

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी टेकचंदकडे गेलो. ज्या माणसाचा चहा अर्धा टाकला त्याच्याच पायऱ्या चढायच्या, म्हणजे नाक मुठीत धरणं आलं. मी म्हटलं, तुझ्या बोर्डात काहीतरी खोट आहे.

त्यानं सगळं ऐकलं. डब्यांचं आणि बांगडीचं मी सांगितलं नाही. फक्त रॅमचं सांगितलं.

"नाई बसत, भाऊ," तो म्हणाला.

"बसली आहे. चालू आहे."

"चालू कशी राहीन? दोन्हीचं करंटपाणी वेगळं. समजा ताकदीनं बसवली, त जळते. बोर्ड तरी जळते, पट्टी तरी जळते." त्यानं कपाटातून दोन पट्ट्या काढून माझ्यासमोर एकावर एक धरल्या. खाचा वेगळ्या होत्या. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला नव्हता.

"मंग माझ्या घरी चालून काय राहिलं?"

टेकचंद या वेळी गोड बोलला नाही. पट्ट्या परत ठेवत म्हणाला, "काढून आणा. मी पाहतो." मग जिन्यापर्यंत आला आणि म्हणाला, "जमलं त आजच काढा. घरी लेकरं आहेत का?"

"एक पोरगी आहे."

तो पुढे बोलेल म्हणून मी थांबलो. तो आत गेला. हा माणूस आपल्याला भिववून पुन्हा नवा माल विकणार, असं मी एसटीत बसून स्वतःला सांगत होतो. पवनी, साकोली, गोंदिया, सगळीकडचे दुकानदार असेच. पण बस तुमसरला थांबली तेव्हा चिखल्याची गाडी पकडायला मी धावत गेलो.

७

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. दार नुसतं लोटलेलं. हर्षा ललिताबाईंकडे बसली होती, तिचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. पुढच्या खोलीत कंप्युटर चालू होता. टेबलासमोरची खुर्ची रिकामी होती. बटणांचा आवाज मात्र येत होता, सावकाश, एकेक बटण.

"खुशबू?"

"हाव, बाबा."

आवाज टेबलाकडून आला. मी आतल्या खोलीत पाहिलं, मोरीत पाहिलं. परत येऊन हाक मारली.

"इथंच आहे न," ती म्हणाली.

टेबलाशेजारी खाली ठेवलेलं कॅबिनेट आणि भिंत यांच्यामध्ये जागा होती, झाडू फिरेल एवढी. नाही, झाडूही अडकायचा. हर्षाची रोजची तक्रार होती. मी वाकलो. तिथे खुशबूची ओढणी दिसली. कपाटात कपडे रचतो तशी, घडीवर घडी. मग मला कळलं की ती नुसती ओढणी नव्हती. घडीत कोपर होतं. हर्षाची बांगडी होती. त्याच्या वर, जिथे काहीच मावायला नको होतं तिथे, केसांचा भांग होता आणि एक डोळा शांतपणे माझ्याकडे पाहत होता. तिला दुखत असावं असं काहीच त्या डोळ्यात नव्हतं.

खाली ब्लास्टिंग झालं. मांडणीवर भांडी होती, पण एकही किणकिणलं नाही.

मी दाराबाहेर आलो. ओट्यावर बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. हर्षा आली तेव्हा आत खुशबू खुर्चीवर बसून वेणी घालत होती.

८

मी वायर ओढली, कॅबिनेट उघडलं. खिट्ट्या मागे रेटल्या, पट्टी ओढली, पकड लावून ओढली. पट्टी आणि बोर्ड यांच्यात नख जायलाही जागा नव्हती. कुठे बोर्ड संपतो आणि कुठे पट्टी सुरू होते, ते बोटांना लागत नव्हतं. हर्षा दारात उभी राहून "डोकं फिरलं का तुमचं" म्हणत होती. मी सगळं कॅबिनेट उचलून अंगणात नेलं आणि हातोडीनं फोडलं. पत्रा चेपला, तुकडे झाले. ते पोत्यात भरून मी रस्त्यापलीकडच्या खड्ड्यात टाकून आलो. परत आलो तर हर्षा तांदळाच्या डब्याला तिखटाचं झाकण लावत होती, आणि ते लागलं.

मग मी ते केलं जे मी जन्मात केलं नसतं. खुशबूची बॅग मी स्वतः भरली. तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "तू नागपूरले जा. उद्याच. मी स्वतः नेऊन सोडतो. होस्टेल, कॉलेज, जे म्हणशीन ते."

"कायले, बाबा?" ती म्हणाली. "मले घरीच बरं आहे."

"तुले शिकायचं होतं न?"

"तुमाले नाई आवडत न."

"आवडते. मले आवडते. तू जा, माय."

"बरं. तुमाले आवडत असंन त जातो." आणि ती तिथेच बसून राहिली, पुढचं मी सांगावं म्हणून.

मला रडू फुटलं. मी तिचे दोन्ही हात धरले. ते माझ्या हातांत असे मावले की बोटं कोणाची, तेच कळेना. मी म्हटलं, "खुशबू, एकदा भांड माझ्याशी. एकदाच. शिव्या दे. तुले काय वाटते ते बोल."

ती विचारात पडली. खरंच पडली, कपाळाला आठी घालून. मग उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि सुरू झाली. मी कोणावरच विश्वास ठेवत नाही, मी तिच्या मैत्रिणीला दारातून परत पाठवलं, मी आईला माहेरी चार दिवस राहू दिलं नाही, माझ्या धाकानं या घरात मांजरसुद्धा टिकत नाही. आवाज चढला. नाक लाल झालं. जिथे तिचा आवाज फाटायचा तिथेच फाटला. स्वयंपाकघरातून हर्षा हसून म्हणाली, "घ्या, आता झाली का बापलेकीची सुरुवात?"

तेवढ्यात खुशबू थांबली. डोळ्यांत पाणी तसंच होतं. तिनं ते पुसलं नाही. मान थोडी तिरकी करून माझ्याकडे पाहिलं.

"असंच न, बाबा?"

मी सगळं आठवून पाहिलं, शब्द न् शब्द. मला एकही चूक काढता आली नाही.